न पाहिलेली पुस्तकं संदर्भसूचीत ठेवू का?

(पत्र बरंच मोठं आहे, ओळख पटेल असा मजकूर काढून थोडक्यात देतेय.)

एक ताई तालुक्याच्या गावी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतात, सोबत पीएच.डी. चालू आहे, विषय सातारा भागातले सत्यशोधक जलसे, म्हणजे गाण्या-नाट्यातून सत्यशोधक विचार सांगणारे कार्यक्रम. त्यांचा मराठीतला पेपर एका जर्नलने घेतलाय, पण संदर्भसूची एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे करून दहा दिवसांत पाठवा अशी अट आहे. गाइड सर म्हणतात आपल्या विषयात तळटिपाच चालतात, ‘तत्रैव’ वगैरे, एपीए हे सायकॉलॉजीवाल्यांचं. शिवाय सरांचं म्हणणं की किमान ५० तरी संदर्भ दिसले पाहिजेत. ताईंकडे ५२ आहेत, पण त्यातले १८ दुसऱ्यांच्या प्रबंधांतून उचललेले, मूळ पुस्तकं त्यांनी पाहिलेलीच नाहीत. विद्यापीठाच्या गेटसमोरचा डीटीपीवाला एका संदर्भाला दहा रुपये घेऊन ‘सगळं एपीएत बसवून देतो’ म्हणतोय. स्टाफरूममधली मैत्रीण म्हणते चॅटजीपीटीला सांग, दोन मिनिटांत होईल, आणि तीच असंही म्हणते की फार संदर्भ दिले की प्लेजरिझमचा टक्का वाढतो. ताई लिहितात, ‘हे सगळं कारकुनी काम आहे, माझं इंग्रजी बेताचं, मला हे नियम कळणार नाहीत. दुसऱ्याकडून करून घेतलं तर काय बिघडलं? आणि ती १८ पुस्तकं काढली तर यादी फारच लहान दिसेल, ठेवू का?’

ताई,

तुम्ही प्रश्न बरेच विचारलेत, पण मला विचाराल तर खरा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलाय, तो त्या १८ पुस्तकांचा. स्वल्पविराम कुठे, कंस कुठे, हे एका दुपारी शिकता येतं, खरंच येतं, पुढे सांगते. पण जे पुस्तक आपण उघडलंच नाही ते वाचलंय असं छापून सांगायचं का, हे आधी ठरवायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या पत्रात असा सूर आहे की उचललेला संदर्भ ही लहानशी सवलत आहे, सगळेच घेतात. सगळे घेतात हे खरंय, आणि त्यातून काय होतं ते बघा. एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांना संदर्भ कसा लिहायचा हे दाखवायला एक नमुना दिला होता, व्हॅन डेर गीर आणि इतर, साल २०००, ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, पुढे खंड, अंक, पानं सगळं व्यवस्थित. असा लेख कधी छापलाच गेला नव्हता, तो नुसता नमुना होता. तरी शेकडो छापील पेपरांच्या सूचीत तो खरा संदर्भ म्हणून जाऊन बसला, कुठे नमुना पुसायचा राहिला असेल, कुठे दुसऱ्याच्या सूचीतून आला असेल. नेदरलँड्समधल्या एका निवृत्त प्राध्यापकांना तो लेख शोधून वाचावासा वाटला आणि तो कुठेच सापडेना, तेव्हा हे उघडकीला आलं. म्हणजे एवढ्या पेपरांचे लेखक, परीक्षक, संपादक, कोणीही तो लेख उघडून बघायला गेलं नव्हतं.

आपल्याकडे असला काल्पनिक लेख नसेल, पण साल चुकतं, आवृत्ती चुकते, आणि चूक तशीच्या तशी पुढे जाते. एका प्रबंधात ‘फुले, १९६९’ असं असतं, पुढचा ते उचलतो, मग त्याच्या पुढचा त्यावरून वाक्य लिहितो, आणि जोतीराव तर १८९० सालीच वारले. १९६९ हे धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयाचं साल आहे, ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. नंतर य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्तीही निघाली, त्यामुळे कोणी नुसतं ‘समग्र वाङ्मय, पृ. अमुक’ असं लिहिलं असेल तर तो पान क्रमांक तुमच्या हातातल्या प्रतीशी जुळेलच असं नाही. हे तुम्हाला पुस्तक समोर असल्याशिवाय कळणार कसं? आणि ज्याच्या प्रबंधातून तुम्ही घेतलंत त्याने तरी ते पुस्तक पाहिलं होतं का?

संदर्भ म्हणजे पत्ता असतो, तुमच्या मागून येणाऱ्याला तिथे जाऊन दार वाजवता आलं पाहिजे. तुमच्या विषयावर पुढे काम करणारी एखादी मुलगी, बहुतेक तुमच्यासारखीच छोट्या गावातली, पदरचे पैसे घालून एसटीने एखाद्या ग्रंथालयात जाईल आणि तिथे त्या पानावर ते वाक्यच नसेल, याचा मला खरंच त्रास होतो. परीक्षकाने पकडण्याची भीती मला एवढी वाटत नाही, बहुतेक वेळा परीक्षक पकडत नाही.

तर मग त्या १८ चं काय करायचं. सगळे काढून टाका असं मी म्हणत नाहीये. आधी शोधा, कारण त्यातले कितीतरी घरबसल्या सापडतील अशी माझी खात्री आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत, फुल्यांचं समग्र वाङ्मयही आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ स्कॅन करून ठेवलेत. इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण तिथे शोधताना नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहून बघा, कारण ज्याने अपलोड केलं त्याने स्पेलिंग कसं केलं असेल सांगता येत नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड, १९ वा, १८८५ चा, तोही स्कॅन स्वरूपात मिळतो. दोन-तीन संध्याकाळी द्या याला. पुस्तक मिळालं की सगळं वाचायची गरज नाही, तुम्ही वापरलेला मुद्दा ज्या पानावर आहे ते पान आणि त्याच्या मागची-पुढची पानं वाचा, आणि मुखपृष्ठाच्या आतलं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू, दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. साल, आवृत्ती, प्रकाशक, सगळं त्या दोन पानांवर असतं, पुन्हा हुडकत बसावं लागत नाही.

जी सापडणार नाहीत त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे आणि एपीएलाही तो मान्य आहे. समजा ‘दीनमित्र’ या सत्यशोधकांच्या नियतकालिकातला एखादा उतारा तुम्ही मुळातून पाहिला नाही, या चळवळीच्या अभ्यासक गेल ऑम्व्हेट यांच्या १९७६ च्या पुस्तकात वाचला, तर मजकुरात तसंच लिहायचं, दीनमित्र, अमुक साल, उद्धृत, ऑम्व्हेट, १९७६, पृष्ठ अमुक, आणि सूचीत फक्त ऑम्व्हेट. एखाद्या प्रबंधातून घेतलं असेल तर सूचीत तो प्रबंध येईल, लेखकाचं नाव, साल, शीर्षक, चौकोनी कंसात पीएच.डी. प्रबंध आणि विद्यापीठ, मग शोधगंगा (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) आणि लिंक. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट ज्याने मेहनत करून तो उतारा शोधून काढला त्याचं श्रेय त्याला मिळतं, जे आत्ता तुमच्या सूचीत कुठेच दिसत नाहीये. हा मुद्दा तुमच्या पत्रात आलाच नाही म्हणून मुद्दाम सांगते, उचललेल्या संदर्भात मूळ पुस्तकापेक्षा जास्त अन्याय त्या मधल्या संशोधकावर होतो. आणि उरलेले जे नुसते यादी मोठी दिसावी म्हणून आहेत, ज्यांचा मजकुरात उल्लेखही नाही, ते मात्र काढा. एपीएचा नियमच आहे की मजकुरात आलं तेच सूचीत आणि सूचीत आहे ते मजकुरात, वाचलेल्या सगळ्याची यादी द्यायची नसते.

आता ५० चा आकडा. असा आकडा कुठल्याही शैलीत नाही. सर म्हणतात त्यामागे त्यांची काळजी असेल, विद्यार्थ्याने पुरेसं वाचलंय हे दिसायला हवं, ते रास्त आहे, पण तुमच्याकडे स्वतः पाहिलेले ३४ आहेत आणि त्याशिवाय गावात जाऊन बघितलेली जलशाची बाडं आहेत, मुलाखती आहेत. असं साहित्य दुसऱ्या कोणाच्याच यादीत नसेल. तुम्ही १८ पुस्तकांची चिंता करताय आणि त्या बाडांबद्दल पत्रात अर्धी ओळ, ‘हस्तलिखितं कशी दाखवायची माहीत नाही म्हणून गाळलीत’. ताई, ती गाळू नका. कृपा करून गाळू नका. तुमच्या पेपरची खरी किंमत तिथे आहे.

बाड कसं लिहायचं ते सांगते. रचणाऱ्याचं नाव माहीत असेल तर ते, नसेल तर शीर्षकापासून सुरुवात, साल नक्की नसेल तर चौकोनी कंसात ‘अंदाजे १९२५’ असं, मग शीर्षक किंवा वर्णन, जसं ‘जलशाच्या पदांचं हस्तलिखित बाड’, आणि शेवटी ते कुठे आहे, खाजगी संग्रह, गावाचं नाव. कुटुंबाचं नाव छापण्याआधी त्यांना विचारा, काही घरांना आवडतं, काहींना नको असतं, नको म्हणाले तर ‘खाजगी संग्रह, तालुका अमुक’ एवढं पुरे. पानांना आकडे नसतील तर पदाच्या पहिल्या ओळीने निर्देश करा. मुलाखतींचं वेगळं आहे, एपीएच्या हिशेबात ज्या गोष्टी वाचकाला पुन्हा मिळवता येत नाहीत त्या सूचीत येत नाहीत, म्हणून पेपरमध्ये मुलाखत मजकुरातच सांगायची, कोणाशी, कधी, कुठे झाली ते. प्रबंधात मात्र परिशिष्टात मुलाखतींची स्वतंत्र यादी द्या, तारीख आणि गावासकट. आणि जमलं तर रेकॉर्डिंगची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्याला ती ऐकता येईल.

सर की जर्नल हा प्रश्न तुम्हाला फार मोठा वाटतोय, मला तो तेवढा वाटत नाही. पेपर जर्नलच्या पद्धतीने, प्रबंध विद्यापीठाच्या पद्धतीने, दोन्ही वेगळी कामं आहेत, एकात एपीए केलं म्हणून दुसऱ्यात तळटिपा सोडायच्या असं काही नाही. सरांचं म्हणणं खोटंही नाही, एपीए १९२९ साली सुरू झालं ते सायकॉलॉजीच्या एका नियतकालिकातल्या सात पानांच्या लेखातून, आणि इतिहासवाल्यांना तळटिपा का प्रिय आहेत हे मला समजतं, दफ्तरातला कागद, रुमाल क्रमांक, मोडीतून केलेलं लिप्यंतर हे सगळं कंसात ‘नाव, साल’ एवढ्यात मावत नाही. तर सरांना जाऊन असं विचारू नका की तुमचं बरोबर की त्यांचं. एवढंच सांगा, ‘सर, पेपरपुरतं त्यांच्या नियमाने करते, प्रबंधात तुम्ही सांगाल तसं.’ बहुतेक गाइडना एवढ्याने पुरतं, त्यांना नियमापेक्षा आपल्याला विचारलं गेलं याचं महत्त्व असतं.

‘तत्रैव’बद्दल मात्र एक सूचना आहे, प्रबंधासाठी, आणि तळटिपा वापरणाऱ्या सगळ्यांसाठीच. तत्रैव म्हणजे वरचंच पुस्तक. तुम्ही तळटीप १४ मध्ये ऑम्व्हेट लिहिलं, १५ मध्ये तत्रैव. मग महिन्याने सर म्हणाले हा परिच्छेद वर घ्या, तुम्ही मध्ये गॅझेटियरची एक टीप घातली, आता १६ वी झालेली ती तत्रैव गॅझेटियरकडे बोट दाखवतेय आणि तुम्हाला पत्ताही नाही. शिकागो या संदर्भ लिहिण्याच्या दुसऱ्या शैलीच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीने या पद्धतीऐवजी आडनाव आणि छोटं शीर्षक लिहा असं सुचवलंय. लिहिताना तुम्हीही तसंच करा, ‘ऑम्व्हेट, पृ. अमुक’, आणि सरांना तत्रैव हवंच असेल तर सगळं लिहून संपल्यावर, बाइंडिंगला देण्याआधी, एका बैठकीत घाला.

आता इंग्रजी बेताचं असण्याबद्दल. पेपर मराठीत, पुस्तकं बरीचशी मराठी, मग इंग्रजी लागतंय कुठे? एपीएची नोंद चार गोष्टींची असते, कोणी, कधी, काय, कुठून, याच क्रमाने, आणि प्रत्येकीनंतर पूर्णविराम. तुमच्याच विषयातली एक करून दाखवते:

फुले, जो. (१९६९). शेतकऱ्याचा असूड. ध. कीर आणि स. गं. मालशे (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ लेखन १८८३)

समग्र वाङ्मयाच्या नावानंतर कंसात ‘असूड’ कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत आहे ते आकडे घाला, तुमच्या प्रतीत बघून. मजकुरात कंसात ‘फुले, १८८३/१९६९’, म्हणजे दोन्ही सालं दिसतात आणि मघाशी म्हटला तो गोंधळच होत नाही. प्रकाशनाचं गाव सातव्या आवृत्तीत लिहायचं नसतं, तुमच्या जुन्या यादीत सगळीकडे पुणे-मुंबई आहे ते जाईल. मोठं पुस्तक किंवा नियतकालिक, त्याचं नाव तिरप्या अक्षरात, आतल्या लेखाचं साध्या. मराठीच्या काही फॉन्टमध्ये तिरपं अक्षर धड दिसत नाही, तसं असेल तर संपादकांना विचारून ठळक करा, पण सगळीकडे एकच. तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या खेपेपासूनच ‘पहिलं नाव आणि इतर’, सूचीत मात्र २० पर्यंत सगळी नावं. नोंदीची पहिली ओळ समासाला आणि पुढच्या आत, हे स्पेसबार दाबून करू नका, वर्डमध्ये सगळी सूची निवडून कंट्रोल आणि टी दाबा, होतं.

नियमांच्या पुस्तकात जे मिळणार नाही, कारण ते मराठीचं आहे, त्यावर जास्त वेळ घालवा. लेखकाचं नाव आधी. जोतीराव, जोतिराव, ज्योतिबा, तुम्ही वापरलेल्या पुस्तकांवर तिन्ही सापडतील, सूचीत एकच रूप ठरवा, नाहीतर एकाच माणसाचे तीन लेखक होतात. टोपणनाव असेल तर पुस्तकावर जे छापलंय तेच घ्या, खरं नाव चौकोनी कंसात, जसं विभावरी शिरूरकर यांच्यापुढे मालतीबाई बेडेकर. आडनाव नसलेले लेखक, संत वगैरे, जसेच्या तसे, तुकारामांचं आडनाव शोधून आधी लिहायची गरज नाही. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा, पण पौष, माघ, फाल्गुन असा महिना दिला असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात कारण तोवर इंग्रजी साल बदललेलं असतं, आणि दोन्ही लिहा, ‘शके १८३७ (१९१५)’. साल नसेलच तर ‘वर्ष नमूद नाही’, अंदाजाने ठोकू नका. पुनर्मुद्रण आणि आवृत्ती यात फरक असतो, २०१२ चं पुनर्मुद्रण असलं तरी आवृत्ती १९९८ ची असू शकते, शीर्षकपानाच्या मागे दोन्ही छापलेलं असतं, आवृत्तीचं साल घ्या.

मग वर्णक्रम. वर्डमध्ये सॉर्टचं बटण दाबलं की देवनागरीही लागते क्रमाला, पण तो क्रम संगणकातल्या अक्षरांचा, शाळेत शिकवलेल्या मुळाक्षरांचा नाही. आपल्या मुळाक्षरांत ळ हा ह नंतर येतो, संगणकात ल नंतर लगेच. त्यामुळे संगणक काळे आधी आणि कासार नंतर लावेल, आपल्या रीतीने कासार आधी येतात. क्षीरसागर संगणकात बऱ्याचदा क च्या शेवटी जाऊन बसतात, आपण क्ष आणि ज्ञ शेवटी शिकलो. कुठलीही एक रीत चालेल, फक्त अर्धी यादी एका रीतीने आणि अर्धी दुसऱ्या असं नको. बटण दाबून झाल्यावर एकदा डोळ्यांनी यादी वाचा. आणि ऑम्व्हेट, रोझलिंड ओ’हॅनलन यांची इंग्रजी पुस्तकं मराठी नावांमध्ये मिसळायची की खाली वेगळी, मूळ लिपीत, हे संपादकांना विचारा. मला वेगळी दिलेली बरी वाटतात, इंग्रजी पुस्तक शोधणाऱ्याला स्पेलिंग जसंच्या तसं लागतं.

विषय वेगळा असलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. शासन निर्णयाचा संदर्भ देताना विभाग, निर्णय क्रमांक, तारीख यांच्यासोबत शेवटच्या परिच्छेदात छापलेला संगणक सांकेतांकही लिहा, त्या आकड्यावरून कागद लगेच सापडतो. वर्तमानपत्राचा देताना आवृत्ती लिहा, सातारा, पुणे, नगर जी असेल ती, कारण एकाच दिवशीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत तीच बातमी वेगळ्या पानावर असते, कधी नसतेच.

डीटीपीवाल्याकडून करून घेतलं तर काय बिघडलं? टाइप करून घ्यायला काहीच हरकत नाही, वेळ नसतो, घर आहे, तास आहेत, मला कळतं. पण तो श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप करत असेल तर फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात, सॉर्ट होत नाही, जर्नलवाले परत पाठवतात, त्यामुळे युनिकोडच हवं असं आधीच सांगा. आणि तुमच्या नोंदी पूर्ण करून द्या, रिकामी जागा ठेवून देऊ नका. ‘सगळं बसवून देतो’ यातलं ‘बसवून’ मला नको वाटतं, जिथे साल नाही तिथे तो काहीतरी बसवेल, त्याच्या दृष्टीने ते काम पूर्ण करणं असतं, तो वाईट माणूस आहे असं नाही. चॅटजीपीटीचंही तेच, आणि जास्त. त्याला ‘या विषयावर संदर्भ दे’ असं सांगितलं की नसलेलं पुस्तक, खऱ्या वाटणाऱ्या लेखकाच्या नावाने, पान क्रमांकासकट देऊ शकतं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी त्याने दिलेले खटले कोर्टात जसेच्या तसे सादर केले, ते खटले अस्तित्वातच नव्हते, ५००० डॉलर दंड झाला. तपासलेल्या नोंदी फक्त क्रमाला लावून घ्यायला वापरलंत तर वापरा, पण परत आलेली प्रत्येक ओळ तुमच्या मूळ नोंदीशी ताडून बघा, मराठी नावं आणि सालं तर नक्कीच. इंग्रजी लेखाला डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो ब्राउझरमध्ये टाकून बघा, तोच लेख उघडतो का.

मला विचाराल तर प्रबंधासाठी आत्तापासून झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, २००६ पासून चालू आहे, नोंद एकदा भरली की एपीए, शिकागो, काहीही एका क्लिकवर बदलतं, म्हणजे सर आणि जर्नल दोघांचं होतं. मराठीत त्याला थोडं सांभाळून घ्यावं लागतं, नावाचं आद्याक्षर काढताना काना-मात्रा तुटू शकते, ‘आणि’च्या जागी इंग्रजी चिन्ह येतं, ते शेवटी हाताने बदला. या पेपरसाठी मात्र दहा दिवसांत नवीन सॉफ्टवेअर शिकू नका, ३४ नोंदी हाताने होतात.

मैत्रिणीला सांगा की संदर्भ दिल्याने टक्का वाढत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्य मोजताना संदर्भ आणि ग्रंथसूची वगळायचीच असं लिहिलंय, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देशही वगळतात, आणि रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणंसुद्धा. सॉफ्टवेअर चालवणाऱ्याने ते वगळलं नसेल तर त्याला तो नियम दाखवा. टक्क्याच्या भीतीने संदर्भ कमी करणारे विद्यार्थी मी बघते तेव्हा वाईट वाटतं, नियमाने नेमकं उलटं सांगितलेलं असताना.

आता मुदतीचं. आज संपादकांना मेल करा, सूची तपासताना काही संदर्भ मुळातून पाहायचे राहिलेत असं लक्षात आलं, ते बघून पाठवते, आठवडाभर जास्त मिळेल का, आणि हस्तलिखित साहित्याची नोंद मी अशी करतेय, चालेल का, असं दोन-चार ओळींत. यात कमीपणा नाही, संपादकाला असं पत्र क्वचितच येतं आणि आलं की तो लेखक लक्षात राहतो. वाढीव मुदत मिळाली नाही तर जे पाहिलंय तेवढ्यावर सूची करा, न पाहिलेलं ‘उद्धृत’ करून टाका आणि वेळेत पाठवा. आणि त्याआधी त्या बाडांची नोंद लिहून घ्या, घरच्यांना फोन करून नाव छापायचं का ते विचारा, संध्याकाळी सगळे घरी असतील तेव्हा.